एपिक्टेटसचं ‘एन्कायरिडियन’: अपयशानंतर कसं वापरावं

एपिक्टेटस हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ, आणि ‘एन्कायरिडियन’ म्हणजे त्याच्या शिकवणीची हातपुस्तिका. शिष्य आरियननं टिपलेली ही 53 छोटी प्रकरणं एका बैठकीत संपतात, पण तशी वाचू नयेत. नोकरी हुकली, तर पहिलं आणि पाचवं पुरे. कागदावर आधी नुसती घटना: ‘मुलाखतीत नकार आला’. ‘मी नालायक’ हे खाली, वेगळ्या ओळीत; ते मत आहे, आणि पाचव्याचा रोख त्यावरच. मग उद्याचं एकच काम. तिथे ‘निवड होणं’ लिहिलं की सगळं फसतं, कारण ते दुसऱ्याच्या हातात; आपल्या हातात काय आणि काय नाही, हेच पहिलं प्रकरण सांगतं. ‘दोन अर्ज पाठवणं’ चालतं. पुन्हा कामाला लागताना चौथं काढा: सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधीच तिथली धक्काबुक्की, चोऱ्या डोळ्यांपुढे आणायच्या. तिसरं मात्र ताज्या शोकात टाळाच, बायकामुलांच्या मर्त्यतेची आठवण तिथे फार कोरडी वाटते. एलिझाबेथ कार्टरचा इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट आहे. भाषा अठराव्या शतकातली, जरा जड.