ठोके घेत वाहणारा प्रवाह: आकडा शांत करायचा की दाब?

बारीक नळीत ऑरिफिस प्लेटने (मध्ये भोक असलेली चकती; तिच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावरून प्रवाह काढतात) प्रवाह मोजताना पिस्टन पंपाच्या ठोक्यांनी आकडा नाचतो. हा दाबफरक मोजून पाठवणाऱ्या ट्रान्समीटरचं डॅम्पिंग वाढवणं, म्हणजे चढउतारांची सरासरी काढून आकडा सावकाश बदलू देणं, सोपं, बिनखर्चाचं. पण प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. फरक अर्धा वेळ १ आणि अर्धा वेळ ९ असेल, तर प्रवाहाची खरी सरासरी २. डॅम्पिंगने आधी दाबफरकाची सरासरी काढली तर ५, त्याचं वर्गमूळ २.२४. जवळजवळ १२ टक्के जास्त, आणि आकडा इतका स्थिर की शंकाही येत नाही!

पंप आणि मीटरच्या मध्ये पल्सेशन डॅम्पनर (ठोके शोषणारं, वायू भरलेलं भांडं) बसवायला जागा लागते, त्यातला वायूचा दाबही तपासत राहावा लागतो. तरी ठोका मुळातच मऊ होतो, म्हणून मी आधी हाच बसवेन. डॅम्पिंग नंतर, उरलेल्या थरथरीपुरतं.