लहान मुलं आणि आजी-आजोबांसह ताहोचा अख्खा स्की-सीझन: कोणतं रिसॉर्ट कोणासाठी?

डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत अख्खा हिवाळा आम्ही ताहोला, म्हणजे ताहो तलावाभोवतीच्या स्की-रिसॉर्टांत, ये-जा केली. राहतो कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, आणि साताऱ्याहून हिवाळाभरासाठी आलेले सासू-सासरे. नवरा, मी आणि दोन मुलं अशा चौघांचा एपिक पास (एकाच कंपनीच्या रिसॉर्टांत सीझनभर चालणारा) होता, त्यामुळे नॉर्थस्टार, हेवनली आणि कर्कवुड मनसोक्त झालं. बाकीच्या ठिकाणी एकेक दिवसाचं तिकीट काढून गेलो. ओळखीतल्या बऱ्याच घरांतून 'मुलांना घेऊन कुठे जावं' अशी विचारणा होते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. मुलं दहाच्या आतली आणि स्कीइंगला नवी असतील, तर डोंगर केवढा, उतार किती, वर नेणाऱ्या लिफ्ट किती याचे आकडे बघू नका. दोनच गोष्टी बघा: गाडी लावल्यापासून शिकाऊ उतारापर्यंत किती चालावं लागतं, आणि तिथे पोचायला कोणता घाट चढावा लागतो. आमच्या बऱ्यावाईट दिवसांचा हिशेब या दोन गोष्टींवर ठरला. बर्फ कसा होता यावर फार कमी वेळा.

चालण्याचं एवढं काय, असं पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं. पण स्कीचे बूट घोट्यात वाकत नाहीत. पाच वर्षांचं मूल त्यात टाचेवर टाच आपटत, पाय फेंगडे टाकत चालतं आणि पन्नास पावलांवर बसकण मारतं. मग एका हातात त्याच्या स्की, दुसऱ्या हातात आपल्या, खांद्यावर डब्याची पिशवी आणि कडेला रडवेलं मूल अशी वरात निघते. लिफ्टपाशी पोचेपर्यंत आईवडिलांचा दम संपलेला आणि मुलाचा उत्साहही.

नॉर्थस्टारचं उदाहरण घ्या. कुटुंबांसाठी सगळ्यात आधी याचंच नाव सुचवलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. डोंगर झाडीचा, त्यामुळे वाऱ्याचा मारा कमी. हिरवे (सोपे) आणि निळे (मध्यम) उतार भरपूर, आणि खाली गावासारखा चौक, त्यात बर्फावर स्केटिंग. पण शिकाऊ उतार पायथ्याशी नाहीत, मध्यावर आहेत. म्हणजे दूरच्या पार्किंगमधून शटल, मग चौकातून चालत गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे), मग वर उतरून स्की-शाळेची जागा. शनिवारी या सगळ्याला तास लागतो असं धरूनच घरातून निघायचं. मुलांना एकदा स्कीइंग यायला लागलं की हेच ठिकाण सोन्यासारखं आहे. मुलगी फेब्रुवारीनंतर तिथे दिवसभर रमायची. ज्या पोराने अजून बर्फावर पाय ठेवलेला नाही त्याचा पहिला दिवस मात्र तिथे नको.

पहिल्या दिवसासाठी मी सिएरा-ॲट-ताहो सांगेन. हायवे ५० वर एको समिट चढायच्या आधीच वळण लागतं, म्हणजे सगळ्यात वाईट घाट टळतो. आत गेल्यावर लॉजच्या समोरच शिकाऊ उतार आणि मॅजिक कार्पेट, म्हणजे बर्फावरचा सरकता पट्टा. आजी-आजोबा लॉजबाहेर खुर्चीत बसून नातवंडांकडे बघू शकतात, हे आमच्यासाठी फार मोलाचं होतं. २०२१ च्या कॅल्डोर वणव्यात हा डोंगर होरपळला होता आणि पुढचा जवळजवळ सगळा सीझन बंद राहिला. जळक्या खोडांचे पट्टे अजून दिसतात. तरीही कामगारांनी तो पुन्हा उभा केला आहे, आणि मला तिथे जाताना दरवेळी त्याचं अप्रूप वाटतं. हायवे ८० कडून जाणाऱ्यांसाठी असंच सोपं ठिकाण बोरिअल. एक्झिट घेतली की पार्किंग, पार्किंगला लागून लिफ्ट. डोंगर छोटा आहे, मोठ्यांना कंटाळा येईल. पाच वर्षांच्या मुलाला तो छोटा आहे हे कळतसुद्धा नाही.

हेवनलीला आम्ही गेलो ते मुख्यतः आई-बाबांसाठी, म्हणजे सासू-सासऱ्यांसाठी, आणि त्यांच्या हिवाळ्यातला सगळ्यात चांगला दिवस तोच ठरला. गावातूनच गोंडोला निघतो आणि दोन मैलांहून जास्त वर चढत जातो. स्कीइंग न करणाऱ्यांना नुसतं फिरण्याचं तिकीट मिळतं. मधल्या थांब्यावर ९,१२३ फुटांवर सज्जा आहे, तिथून ताहो तलाव पूर्ण दिसतो: गडद निळा, कडेने पांढरे डोंगर, आणि एवढ्या थंडीतही न गोठलेला. सासऱ्यांनी आयुष्यभर सह्याद्री पालथा घातलेला. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि इथे तलावाचं पाणीच जवळपास १,९०० मीटरवर आहे हे सांगितल्यावर ते कठड्याला धरून कितीतरी वेळ उभे होते. सासूबाईंना थंडीपेक्षा उजेडाचा त्रास झाला. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांत घुसतं, त्यामुळे ज्येष्ठांनाही चांगला काळा चष्मा हवाच.

स्कीइंगच्या दृष्टीने हेवनलीची अडचण अशी की गोंडोलाने वर गेल्यावर गावापर्यंत स्की करत उतरता येत नाही. परतायचं गोंडोलानेच, आणि संध्याकाळी सगळे एकदमच परततात. वारा सुटला की गोंडोला थांबतो. मुलं वर शाळेत आणि आजी-आजोबा खाली, अशी वाटणी त्या दिवशी करू नका.

कर्कवुडबद्दल थोडक्यात. बर्फ उत्तम, गर्दी कमी, उतार अंगावर येणारे. ज्यांना स्कीइंग येतं त्यांनी जावं. पायथाच ७,८०० फुटांवर, आजूबाजूला गाव नाही, आणि वाटेतला कार्सन स्परचा टप्पा हिमस्खलनाच्या भीतीने वारंवार बंद होतो. आजी-आजोबांना घेऊन तिथे मुक्काम करावा असं मला वाटत नाही.

पॅलिसेड्स ताहो म्हणजे १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकची जागा. नवऱ्याला तिथल्या उंच कड्यांचं वेड लागलं. मुलांसाठी मात्र डोंगराची दुसरी बाजू, अल्पाइन मेडोज, जास्त बरी. शिकाऊ लिफ्ट पायथ्याला आहे आणि वातावरण साधं. २०२२ च्या डिसेंबरपासून दोन्ही बाजू गोंडोलाने जोडल्या आहेत, त्यामुळे नवरा-बायकोने दिवस वाटून घ्यायचा असेल तर हे सोयीचं पडतं: सकाळी एकाने मुलं सांभाळायची, दुपारी दुसऱ्याने.

आता रस्ता. बाकी सगळं पैशाने सुटतं, रस्ता सुटत नाही.

कोरड्या दिवशी फ्रीमाँटहून ताहोच्या उत्तरेकडचं ट्रकी गाव चार तासांच्या आत. शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर सहा, आणि बर्फ पडत असेल तर काही सांगता येत नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हायवे ८० वरच्या डॉनर समिटजवळच्या, बर्कली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने ७५४ इंच बर्फ मोजला होता. मार्च २०२४ च्या सुरुवातीच्या वादळात हायवे ८० दोनेक दिवस बंदच होता. म्हणून 'भरपूर बर्फ पडणार' ही बातमी ऐकून त्याच दिवशी निघू नये. वादळ ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी जावं.

कॅलट्रान्सचे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचे, चेनचे (बर्फात चाकांना लावायच्या साखळ्यांचे) तीन टप्पे नीट समजून घ्या. आर-वनला स्नो टायर असले की साध्या गाडीला चालतं. आर-टूला फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह आणि चारही चाकांना स्नो ट्रेडचे टायर असतील तरच चेन न लावता सोडतात, पण तेव्हाही चेन गाडीत असाव्या लागतात. आर-थ्रीला सगळ्यांनाच लावाव्या लागतात, आणि सहसा त्याआधीच रस्ता बंद करतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत ऑल-व्हील ड्राइव्ह असते, म्हणून चेन घेतच नाहीत. घ्या. आणि घरच्या ड्राइव्हवेत कोरड्यात एकदा लावून बघा, कारण घाटातल्या किंगव्हेलला अंधारात, हातमोजे ओले झालेले असताना ती कडी कुठे अडकवायची हे सुचत नाही. भाड्याची गाडी घेणार असाल तर करार वाचा, अनेक कंपन्या चेन लावू देत नाहीत. इलेक्ट्रिक गाडी असेल तर घाट आणि थंडी मिळून बॅटरी नेहमीपेक्षा बरीच लवकर उतरते, तेव्हा घाटाआधीच्या ऑबर्नच्या आसपास भरून घेणं बरं.

आम्ही पहाटे साडेचारला निघायचो. मुलं थर्मल घातलेलीच झोपेत उचलून गाडीत. रविवारी परतताना एक तर दुपारी एकच्या आत निघायचं, नाहीतर जेवून रात्री. मधली वेळ ८० वर गाड्यांच्या रांगेत जाते.

मुक्कामाच्या घराचा एक अनुभव सांगते. आम्ही घेतलेल्या एका केबिनच्या मालकाने 'बर्फ काढून मिळेल' असं लिहिलं होतं. रात्रभर बर्फ पडला, सकाळी रस्त्यावरून बर्फ सारणारी गाडी फिरली आणि तिने बाजूला सारलेल्या बर्फाची कंबरेएवढी भिंत नेमकी ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभी राहिली. हा बर्फ भुसभुशीत नसतो, दगडासारखा असतो. मालकाचा माणूस दुपारपर्यंत फिरकला नाही. नवरा आणि मी फावड्याने फोडत होतो. सासरेही फावडं घ्यायला निघाले, त्यांना आम्ही हट्टाने आत बसवलं. साडेसहा हजार फुटांवर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना हे काम करू नये. बुकिंगच्या आधी तोंडाशी साचणारा बर्फ कोण काढणार आणि किती वाजता, हे लेखी विचारून घ्या. आणि गाडीत खाण्याचं काही ठेवू नका, अस्वलं दार उघडतात.

मुलांच्या शिकवणीवर खर्च करावा का? करावा. दिवसाला दोनशे डॉलरच्या वर सहज जातात, तरी पहिले दोन-तीन दिवस तरी शाळेतच घाला. आई-बापाने शिकवलं की मूल अर्ध्या तासात रुसतं. माझा मुलगा मला अजिबात जुमानत नव्हता. शिक्षिकेने त्याला स्कीची टोकं जवळ आणून 'पिझ्झा' करायला सांगितलं आणि तो मुकाट्याने तसाच, गुडघे आत, जीभ बाहेर, मुंगीच्या वेगाने उतार उतरून तिच्या काठीपाशी थांबला. मग वळून त्याने आम्हाला शोधलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी मी पुन्हा चार तास गाडी चालवायला तयार आहे. मुलीला मात्र चेअरलिफ्टची धास्ती होती. पाठीमागून येणारी खुर्ची गुडघ्यामागे लागते तो क्षण तिला नको वाटायचा. लिफ्टवाल्याला आधी सांगितलं तर तो वेग कमी करतो, हे कळल्यावर तिची भीती हळूहळू गेली. न संकोचता सांगा, त्यांचं ते रोजचं काम आहे.

सामानात मुलांच्या स्की आणि बूट अख्ख्या सीझनसाठी भाड्याने घ्या, नोव्हेंबरच्या आत. रोज डोंगरावर भाड्याच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते स्वस्तही पडतं आणि सकाळचा तासही वाचतो. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत, एवढं माप पुरे. आपल्याकडे थंडी म्हटलं की दोन-दोन मोजे चढवतात. स्कीच्या बुटात एकच, पातळ, लोकरीचा मोजा घालायचा. दोन घातले की रक्ताभिसरण अडतं आणि पाय जास्त गार पडतात. सुती कपडे आणि जीन्स अजिबात नको. ताहोचा बर्फ बऱ्याचदा ओला आणि जड असतो, तासाभरात चिंब करतो.

डोंगरावरच्या कॅफेटेरियात शाकाहारी माणसाच्या वाट्याला बटाट्याचे फ्राइज आणि चीज पिझ्झा. आम्ही धपाटे, दाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा न्यायचो. बहुतेक लॉजमध्ये घरचा डबा खायला जागा असते. जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग सुटीचा वीकेंड संक्रांतीच्या आगेमागेच येतो. सासूबाईंनी तिळाच्या वड्या करून आणल्या होत्या, त्या खिशात घट्ट राहतात आणि लिफ्टवर बसल्या बसल्या खाता येतात. रात्री केबिनमध्ये मुगाची खिचडी आणि तूप. पहिल्या रात्री मुलांचं डोकं दुखलं तर ते बहुधा उंचीमुळे आणि पाणी कमी प्यायल्यामुळे, म्हणून गाडीतच पाणी पाजत न्या.

पैशाचं गणित सरळ आहे. गर्दीच्या दिवशी खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट मोठ्या रिसॉर्टांत दोनशे डॉलरच्या वर जातं, त्यामुळे थोड्याच दिवसांत पास वसूल होतो. पास वसंतात सगळ्यात स्वस्त असतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीनंतर सहसा मिळत नाही. स्वस्त पासांवर नाताळचा आठवडा आणि लाँग वीकेंड वगळलेले असतात, तारखा बघूनच घ्या. वर्षातून एकदाच जाणार असाल तर पास घेऊ नका. फेब्रुवारीतला शाळांचा 'स्की वीक' टाळा आणि जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवार-बुधवारी मुलांना शाळेला दांडी मारायला लावून लहान डोंगरावर जा.

पुढच्या हिवाळ्यासाठी आमचं ठरलं आहे. मुलगी आणि नवरा नॉर्थस्टारला. मुलाचे सुरुवातीचे दिवस पुन्हा सिएरा-ॲट-ताहोला, कारण आठ महिन्यांत तो निम्मं विसरलेला असेल. आई-बाबा आले तर साउथ लेक ताहोला, गोंडोलापासून चालत जाता येईल अशा घरात मुक्काम, तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. ट्रकीच्या बाजूला बर्फ काढण्याची लेखी हमी देणारं घर कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा.