सेल्टा: अर्ज, कोर्स आणि त्यानंतरचे काही महिने

सेल्टा, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांना ती शिकवण्याचा केंब्रिजचा प्रमाणपत्र कोर्स, पैसा वसूल आहे, हे आधीच सांगून टाकतो. तक्रारी आहेत, त्या पुढे येतीलच. पण सेल्टाच्या अर्जाकडे बहुतेक जण नुसता फॉर्म भरण्याचं काम म्हणून बघतात आणि तिथेच गडबड होते. वर्गात रोज जे कौशल्य लागतं, त्याचीच चाचणी अर्जाच्या वेळी होते. इंग्रजीचं एखादं वाक्य शिकणाऱ्याच्या बाजूनं बघता येतं का, एवढंच निवड करणाऱ्यांना पाहायचं असतं. तुमचं इंग्रजी झकास आहे, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

आधी कोर्सच्या निवडीबद्दल. 'टेफल' म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं; हे कुठल्या एका प्रमाणपत्राचं नाव नाही, त्यामुळे त्या नावाखाली काहीही विकलं जातं. जाहिरातीतल्या '120 तास' या आकड्याला भुलू नका. सेल्टाचेही किमान 120 तासच असतात, पण त्यात 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवायचं असतं, आणि तेही मागे ट्यूटर टिपणं घेत बसलेला असताना. स्वस्तातल्या बऱ्याच ऑनलाइन कोर्सांत हा भागच नसतो. व्हिडिओ बघा, प्रश्नमंजूषा सोडवा, प्रमाणपत्र उतरवून घ्या. चौकशी करताना एकच प्रश्न विचारा: निरीक्षणाखाली प्रत्यक्ष शिकवणं किती तास? उत्तर गोलमाल आलं तर पुढे निघा. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटेसॉल मात्र सेल्टाच्याच तोडीचा आहे. दोन्ही ब्रिटनच्या पात्रता चौकटीत पाचव्या पातळीवर येतात आणि दोन्हीत 6 तासांचं अध्यापन असतं. सर्टटेसॉलमध्ये प्रशिक्षणार्थींना एक अनोळखी भाषा थोडी शिकावी लागते. नवशिक्याचा गोंधळ स्वतः अनुभवायला मिळतो, ही कल्पना सेल्टानंही उचलायला हरकत नव्हती.

केंब्रिज स्वतः कोर्स चालवत नाही, मान्यताप्राप्त केंद्रं चालवतात. त्यामुळे फी, वेळापत्रक आणि मुलाखतीची पद्धत केंद्रागणिक बदलते, आणि केंद्र मान्यताप्राप्त आहे का हे केंब्रिजच्या यादीत बघून घ्यावं लागतं. पात्रता सोपी आहे: वय 18 पूर्ण, उच्च शिक्षणाला प्रवेश मिळेल इतकं शिक्षण आणि इंग्रजी साधारण सी-1 ते सी-2 पातळीचं (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरच्या सर्वांत वरच्या दोन पातळ्या). शिकवण्याचा पूर्वानुभव लागत नाही.

खरी चाळणी लागते ती फॉर्मसोबतच्या भाषाविषयक प्रश्नांत. नमुना म्हणून हे बघा: 'आय लिव्ह्ड देअर फॉर टेन इयर्स' आणि 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' यांत फरक काय? 'पहिला सिंपल पास्ट, दुसरा प्रेझेंट परफेक्ट' हे उत्तर चूक नाही, पण त्यानं काम भागत नाही. पहिल्या वाक्यातला माणूस आता तिथे राहत नाही, दुसऱ्यातला अजून इथेच राहतो. आणि हे विद्यार्थ्याला कळलंय का हे तपासायला 'तो आता तिथे राहतो का?' असा छोटा प्रश्न विचारता येईल, इथपर्यंत उत्तर गेलं पाहिजे. पुढे कोर्समध्ये याच प्रश्नांना सीसीक्यू (अर्थ कळला का हे तपासणारे प्रश्न) म्हणतात आणि प्रत्येक लेसन प्लॅनमध्ये ते लिहावे लागतात. बाकीचे प्रश्न याच जातीचे: 'बॉरो' आणि 'लेंड' कसं समजवाल, 'फोटोग्राफ' आणि 'फोटोग्राफर' यांत आघात कुठे, चुकीचं वाक्य दुरुस्त करा आणि चूक कशामुळे झाली तेही लिहा. शेवटच्या भागाकडे हमखास दुर्लक्ष होतं. नुसती दुरुस्ती करायला व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही पुरतं. व्याकरणाचं पुस्तक उघडायला ना नसते. पण उत्तरं कुठून तरी उचलून डकवू नका, कारण मुलाखतीत तेच प्रश्न वाक्यं बदलून पुन्हा येतात. शाळेत इंग्रजी नियमांनी शिकलेल्यांना या टप्प्यावर फायदा होतो. ज्यांची ती घरचीच भाषा आहे ते 'कानाला असंच बरं वाटतं' इथे अडकतात.

मुलाखतीत व्याकरणासोबत स्वभावही जोखतात. टीका ऐकून घेता येते का, इतरांबरोबर मिळून काम जमेल का, कोर्सच्या काळात दुसरी कोणती जबाबदारी आहे का. शेवटचा प्रश्न वाटतो तितका औपचारिक नसतो. पूर्णवेळ कोर्स चार-पाच आठवड्यांत उरकतो आणि त्यासोबत नोकरी होत नाही. 'जमवून घेईन' असं म्हणण्यापेक्षा सरळ अर्धवेळ कोर्स मागा. जागा मिळाल्यावर पैसे भरण्याआधी परतावा आणि तारीख पुढे ढकलण्याच्या अटी लेखी घ्या.

मग कोर्सपूर्व अभ्यास येतो. त्याला गुण नसतात म्हणून लोक तो टाळतात. निदान काळांची नावं, फोनेमिक (उच्चार दाखवणारी) चिन्हं आणि शब्दांचे प्रकार तरी पक्के करा. कोर्स सुरू झाल्यावर त्याला सवड मिळत नाही.

कोर्समध्ये लेखी असाइनमेंट चार, प्रत्येकी 750 ते 1000 शब्दांच्या. प्रत्येक एकदा सुधारून देता येते आणि पास होण्यासाठी चारपैकी तीन उत्तीर्ण लागतात. लोक घसरतात ते विद्वत्तेत नव्हे, निकषांची यादी नीट न वाचल्यामुळे. शिकवताना ठरलेली चूक म्हणजे सूचनांचं लांबण. आधी कागद वाटायचे आणि मग सूचना द्यायच्या, हा क्रम उलटा: कागद हातात पडला की ऐकणं संपलं. दुसरी चूक वेळेची. नवीन शब्द किंवा व्याकरण समजावण्यातच तास जातो आणि विद्यार्थ्यांनी ते वापरून बघायचा भाग, जो खरा धडा, तो कापला जातो.

इतक्या महिन्यांनी काय टिकलं? सूचना तीन छोट्या वाक्यांत देणं, उत्तरं आधी जोडीत ताडून बघायला लावणं, आणि अर्थ, रूप, उच्चार या तिन्ही अंगांनी वाक्याची आधीच चिरफाड करून वर्गात जाणं. पानंच्या पानं लेसन प्लॅन मात्र कोर्ससोबत संपतो. रोज तासांमागून तास घेणाऱ्याला अर्धं पान पुरतं. प्रत्येक शब्द विद्यार्थ्यांकडूनच काढून घेण्याचा अट्टहासही सोडावा लागतो. त्यांना जो शब्द माहीतच नाही तो ते सांगणार कुठून?

उणीवा ठळक आहेत. कोर्स प्रौढांना शिकवण्यासाठी बेतलेला आहे, त्यामुळे लहान मुलं समोर आली की बरंच नव्यानं शिकावं लागतं. पन्नास जणांचा वर्ग, परीक्षेची तयारी, वर्षभराचा अभ्यासक्रम आखणं, यातलं फारसं काही हाती लागत नाही. पास, पास बी आणि पास ए अशा श्रेणी असतात. पहिल्या नोकरीसाठी साधा पास चालतो, तेव्हा श्रेणीपायी झोप घालवू नका. परदेशात शिकवायचं असेल तर एक गोष्ट अर्जाआधीच तपासा: अनेक देश शिक्षकाच्या व्हिसासाठी पदवी मागतात, आणि सेल्टा पदवीच्या जागी चालत नाही.