अंडी खरी होती

गेल्या रविवारी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या मुलानं मला व्हिडिओ पाठवला. "ताई, डिस्कस माशांची ही पेअर सव्वीस हजारांना मिळतेय. विकणारा कन्फर्म्ड, जमलेली जोडी आहे म्हणतोय. बघून सांगाल का?" व्हिडिओत अंडी घालायला ठेवलेल्या मातीच्या कोनवर, म्हणजे शंकूवर, तीनशेच्या वर अंडी, आणि दोन मासे आळीपाळीनं पर हलवून त्यांना वारा घालतायत. बाराव्या सेकंदाला मागे कुकरची शिट्टी होते आणि एक लहान मुलगा ओरडतो, "अगं आई, बाबा मासा पण अंडी घालतोय!"

कुकर माझा. मुलगाही माझा. व्हिडिओ मी काढलेला, सिंहगड रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, 2024 च्या मार्चात. "तुम्ही मला फसवलंत" हे दाखवायला ज्या माणसाला मी तो पाठवला, तोच आता जाहिरात म्हणून फिरवतोय. खाली ओळ टाकलीय: "पुण्याच्या ताईंकडे पहिल्याच महिन्यात ब्रीडिंग." म्हणून हे लिहायला बसले. माणसाचं नाव लिहीत नाही. त्याला दुसऱ्या नावानं नवं अकाउंट उघडायला दहा मिनिटं लागतात.

मी नवखी नव्हते, हे आधीच कबूल करते, कारण खरी गोम तिथंच आहे. गप्पी, मॉली करत करत मी एंजलवर आले होते. एंजलची पिल्लं वाढवून जवळच्या दुकानाला द्यायचे, त्यातून माशांच्या खाण्याचा आणि थोडा विजेचा खर्च निघायचा. आपल्याला माशांतलं कळतं अशी गुर्मी चढायला एवढं पुरतं. डिस्कस म्हणजे त्याच्या वरची पायरी. मूळचा अ‍ॅमेझॉनचा मासा, पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी हवं, तापमान 28 ते 30 अंश. शिवाय पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावर सुटणारा चिकट स्राव खाऊन जगतात. एंजलची अंडी काढून वेगळ्या टाकीत उबवता येतात. डिस्कसची पिल्लं तशी हातावर वाढवणं महाकठीण, त्यामुळे जमलेली जोडी हाच सगळा ऐवज. पैसे माशांचे नाहीत, जोडी जमल्याचे मोजायचे असतात.

विकणारा मुंबईच्या उपनगरातला. माल चेन्नईच्या कोळत्तूरहून आणतो म्हणाला. शोभेच्या माशांच्या पैदाशीसाठी तो भाग हौशी लोकांत प्रसिद्ध आहे, म्हणजे नाव बरोबर घेतलं होतं. पहिल्या फोनला त्यानं मासे विकलेच नाहीत. "ताई, टीडीएस, म्हणजे पाण्यातले क्षार, किती? टाकी केवढी? आधी पंधरा दिवस टाकी मुरू द्या, मग बोलू. मासा मेला तर पाप मला लागतं." गिऱ्हाइकाला थांबायला सांगणारा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता. तिथंच मी विकली गेले.

मग दोन व्हिडिओ आले. एकात पीव्हीसीच्या नळीवर अंडी आणि शेजारी जोडी. दुसऱ्यात मातीच्या कोनपाशी जोडी आणि त्यांच्या अंगाला चिकटलेली पिल्लं, पिठात बोट बुडवल्यावर दिसतं तसं. चोवीस हजार मी यूपीआयनं भरले. बिलही मागितलं, ते आलंही, आणि मी ते न वाचता फाइलला लावलं. त्यावर होतं: "ऑर्नामेंटल फिश, 2 नग."

मासे रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आले. पहाटे सहाला कात्रजच्या चौकातून थर्माकोलचं खोकं आणलं. आत ऑक्सिजन भरलेल्या दुहेरी पिशव्या, आणि वर आणखी एक छोटी पिशवी: निळे-पिवळे चार पीकॉक सिक्लिड मासे, "ताईंना आपल्याकडून भेट." त्या भेटीचं पुढे सांगते.

अकराव्या दिवशी अंडी पडली.

त्या रात्री मी त्या माणसाला आभाराचा व्हॉइस मेसेज पाठवला. तोही त्यानं कुठे वापरला असेल, देव जाणे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर निम्मी अंडी वरीच्या तांदळासारखी पांढरी. तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर बुरशीचा कापूस. फळलेलं अंडं मधाच्या रंगाचं राहतं, दीडेक दिवसात आत काळसर ठिपका दिसायला लागतो, दोन-अडीच दिवसांत फुटतं. आमचं एकही तिथवर गेलं नाही.

"पाणी, ताई," तो म्हणाला. "पुण्याचं पाणी."

आता हे वाक्य बघा. डिस्कसच्या बाबतीत ते नेहमीच पटतं. पाणी जड असलं तर अंडी फळत नाहीत हे खरं आहे. तरुण जोडीचे पहिले काही घाणे वाया जातात हेही खरं. अंड्यांवरची बुरशी, त्यावरचं औषध मिथिलीन ब्लू, पाण्यात टाकायची बदामाची पानं, त्यानं सांगितलेला प्रत्येक शब्द कुठल्याही चांगल्या पुस्तकात सापडेल. आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी तसं मऊच, टीडीएस मीटर शंभराच्या आसपास दाखवायचा. पण मधूनमधून सोसायटीत टँकर यायचा, आणि त्या दिवशी आकडा पाचशेच्या वर. म्हणजे दोष द्यायला जागा होतीच. मी आरओ बसवला, साडेसात हजार. त्यानं "इम्पोर्टेड" बदामाची पानं पाठवली, वीस रुपयाला एक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बदामाचं झाड आहे आणि सकाळी झाडूवाल्या मावशी त्याच पानांचा ढीग लावतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. ब्लडवर्मची, म्हणजे माशांना घालायच्या गोठवलेल्या अळ्यांची, पाकिटं फ्रीझरमध्ये मटारशेजारी गेली. सासूबाईंनी फ्रीज उघडणंच सोडलं.

दुसरा घाणा पांढरा. तिसराही. "नर तरुण आहे, शिकतोय. दुसरी अनुभवी जोडी घ्या, तुमच्यासाठी बावीसला." सोबत बायबॅकचं गाजर: दोन इंची पिल्लू दीडशेला मी उचलतो. महिन्याला शंभर पिल्लं धरली तर पंधरा हजार, हा हिशोब मी वीजबिलाच्या मागे मांडला होता. तो कागद अजून आहे. 2019 साली सांगलीकडचं कडकनाथ कोंबड्यांच्या बायबॅकचं प्रकरण गाजलं, तेव्हा "लोक एवढे कसे भुलतात" असं मी जेवणाच्या टेबलावर म्हटल्याचं नवऱ्याला चांगलं आठवतं. दुसरी जोडी आली. ती अंडी तर सोडाच, एकमेकांजवळही गेली नाही. एकानं दुसऱ्याला हीटरमागच्या कोपऱ्यात डांबून ठेवलं.

एका बाबतीत मात्र वाचले. तो म्हणाला, केंद्र सरकारच्या मत्स्य संपदा योजनेतून तीन लाखांचं युनिट करू, बायकांना साठ टक्के अनुदान आहे, फाइल करायचे पाच हजार पाठवा. योजना खरी, 2020 साली सुरू झालेली. परसातल्या शोभिवंत मासे युनिटचा तीन लाखांचा आकडाही खरा आणि साठ टक्केही. पण त्यासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाता येतं, मध्ये कुणी लागत नाही. मी गेले, विचारलं, पाच हजार वाचले. एवढी अक्कल माशांच्या बाबतीत का वापरली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मार्चमधली ती रात्र. पाचवा घाणा. मुलगा दुसरीत होता, त्यानं माशांची नावं आई आणि बाबा ठेवलेली. कुकर लावून मी टाकीसमोर पाट टाकून बसले. जोडी अंडी घालते ती अशी: मादी कोनच्या तळाशी येते, पोट टेकवून हळूहळू वर सरकते आणि मागे अंड्यांची ओळ सोडत जाते, मण्यांसारखी. ती बाजूला झाली की नर त्याच वाटेनं वर जातो, अंडी फळवत. आई गेली, ओळ पडली. मग बाबा त्याच वाटेनं चढला. मी मोबाइल धरलेला. बाबा वर गेला आणि त्याच्या मागेही ओळ पडली.

मला ते दिसलंच नाही. नर मागून जातो हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे डोळ्यांनी तेच पाहिलं. ओरडला तो मुलगा.

मग टॉर्च घेऊन पोटाखालची नळी बघितली. मादीची जाड, टोकाला बोथट. नराची बारीक आणि टोकदार. ती नीट दिसते फक्त अंडी घालायच्या वेळी, एरवी मुरलेले लोकही डिस्कसचा नर-मादी ओळखताना चुकतात. दोन्ही माशांची जाड, बोथट. नर मिळाला नाही तर दोन माद्या जोडी जमवतात, जागा साफ करतात, अंडी घालतात, त्यांना वारा घालतात, राखण करतात, सगळं जोडीसारखंच. एंजलमध्येही होतं हे, आणि मी सहा वर्षं एंजल केले होते! अंड्यांचा आकडाही तोंडावर सांगत होता. एका मादीची साधारण शंभर ते दोन-अडीचशे असतात, आमच्याकडे दर वेळी कोन गच्च भरलेला. मी खूश व्हायचे.

कुर्ल्याच्या शोभेच्या मासेवाल्यांत आयुष्य घालवलेल्या एका काकांना फोटो पाठवले. ते म्हणाले, "पोरी, फार्मवर जोड्या लागल्या की उरलेलं होलसेलात जातं. तुझ्याकडे उरलेलं आलंय."

त्या रात्री जुने व्हिडिओ पुन्हा काढले. लेपर्ड डिस्कसच्या अंगावरचे ठिपके म्हणजे अंगठ्याचा ठसा, दोन माशांचे सारखे नसतात. माझ्या एकीच्या कल्ल्यावर तीन ठिपके एका रेषेत आहेत. अंड्यांच्या व्हिडिओत ते आहेत. पिल्लांच्या व्हिडिओत नाहीत. तो व्हिडिओ दुसऱ्याच माशांचा, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या टाकीतला. दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून बघायला दोन मिनिटं लागली असती.

त्याला फोन केला. आवाज चढला नाही त्याचा. "ताई, पेअर दिली ना? अंडी देतेय ना? मी पिल्लांची गॅरंटी कधी दिली?" मी आमचं सगळं चॅट वर सरकवत गेले. खरंच नव्हती दिली. "एग लेइंग पेअर, हंड्रेड पर्सेंट." पेअर म्हणजे दोन. दोन नग. बिलही तेच म्हणतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन केला. माल मिळालाय म्हटल्यावर हा व्यवहारातला वाद ठरतो असं कळलं. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, वकील नसला तरी चालतं. माझी अडचण बायबॅकच्या चॅटची. विकायला घेतले म्हणजे धंदा, आणि धंद्यासाठीची खरेदी त्या कायद्यात सहसा बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी असेल तर बसते, पण मला नोकरी आहे. म्हणजे हावरटपणाचा कागद मीच तयार करून ठेवला होता. एक रुपया परत आलेला नाही.

आणि ती भेट. चार पीकॉक, जेमतेम दीड इंचाचे आणि मोरासारखे रंगलेले. मलावी सरोवरातल्या या माशांत रंग नराला येतो, तोही मोठा होताना. एवढी पिल्लं करडीच असायला हवीत, आणि माद्या तर जन्मभर करड्या. लहान वयात झळाळणारा पीकॉक दिसला की हार्मोनचं खाद्य समजावं. अडीच महिन्यांत माझ्याकडचे तीन उंदराच्या रंगाचे झाले. फुकटात आले होते म्हणून मी चौकशीही केली नव्हती.

कुणाला जोडी घ्यायचीच असेल तर अंड्यांचा व्हिडिओ बघू नका, तो खोटा नसतोच. व्हिडिओत त्याच जोडीच्या अंगावर पिल्लं हवीत, आणि तो त्या दिवशी तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी काचेला लावून एकसलग काढलेला हवा. ठिपके जुळवा. बिलावर "नर-मादी, पिल्लं काढलेली जोडी" असं लिहून मागा. जो लिहीत नाही त्याला पाणी मुरवायचा सल्ला फुकट देऊ द्या आणि फोन ठेवा. नाहीतर मी आता केलं तसं करा: सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवायचे आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्यायची. वर्ष-दीड वर्ष जातं. माझे सहा कुर्ल्याहून आणलेत, दोघं कोपरा धरून बसायला लागलीत. नर-मादी आहेत की नाही, अजून सांगता येत नाही.

त्या दोघी आहेत अजून. परवा गुरुवारी पुन्हा अंडी घातली. मुलगा आता चौथीत आहे, एकीला बाबाच म्हणतो.

कोल्हापूरच्या मुलाला मी एवढंच लिहिलं: व्हिडिओचा आवाज मोठा कर आणि बारावा सेकंद ऐक.