भाड्याचा सर्व्हर: मशीन भक्कम, सपोर्ट यथातथाच

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्याच्या ऑर्डरी या कंपनीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) चालतात. वेगाबद्दल तक्रार नाही, बिलही वाजवी. पण त्यावरची ऑपरेटिंग सिस्टम उबुंटू २०.०४ वरून २२.०४ केली आणि रूटने, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याने, आत जायची वाटच बंद! साइट मजेत चालू, गिऱ्हाइकं ऑर्डरी टाकतायत, आणि सर्व्हरला जोडणाऱ्या दुकानातल्या पुट्टी प्रोग्रामचं एकच पालुपद: 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की', म्हणजे पासवर्डऐवजी वापरतो ती किल्लीची फाइल सर्व्हरने नाकारली.

सपोर्टला लिहिलं, तर उत्तर काय? "सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करा." अहो, मग डेटा काय सुरसागर तळ्यात सोडू?

तारलं ते त्यांच्याच पॅनेलमधल्या कन्सोलने. ब्राउझरमध्ये उघडतो, एसएसएच (पुट्टी वापरतं ती दुरून आत जायची सुरक्षित जोडणी) लागतच नाही. पेस्ट होत नाही, सगळं हाताने टाइप करा, पण रूटचा पासवर्ड घेतला त्याने. ऑथ डॉट लॉग या लॉगिनच्या नोंदींच्या फाइलमध्ये कारण सरळ लिहिलेलं: 'एसएसएच-आरएसए' सही मान्य नाही. किल्ली आपली ओळख अशा सहीने पटवते. २२.०४ मध्ये ओपनएसएसएच (सर्व्हरवर एसएसएच चालवणारं सॉफ्टवेअर) ८.९ येतं, आणि या सह्या, म्हणजे एसएचए-१ या जुन्या पद्धतीच्या आरएसए सह्या, ८.८ पासूनच बंद आहेत. किल्ली जुनीच चालते, सही तेवढी एसएचए-२ ची लागते. पुट्टीला ती ०.७५ पासून जमते, आमचं त्याआधीचं. नवं पुट्टी टाकलं, त्याच किल्लीने आत! सर्व्हरवर एक ओळही बदलावी लागली नाही.

हे सपोर्टवाल्यांना माहीत नसावं? पाचपैकी तीन तारे, तेही बहुतेक कन्सोलचेच. अपग्रेड करणाऱ्यांनी आधी तो उघडतो का, तेवढं बघून घ्या.