अमेरिकेचा अध्यक्ष जुळवून देणारी क्विझ साइट, नागपुरात बसून वापरली: ५ पैकी ३ स्टार

आधी कामाचं सांगते. साइट फुकट आहे, मोबाईलवर नीट चालते, लॉगिन न करता पूर्ण होते आणि प्रश्नांची उत्तरं दिली की कोणता उमेदवार तुमच्याशी किती टक्के जुळतो ते दाखवते. भाषा फक्त इंग्रजी, त्यामुळे आमच्या बाबांना म्हणजे सासऱ्यांना मीच एकेक प्रश्न मराठीत सांगून राहिली होती. साइटचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अशा बऱ्याच साइट्स आहेत आणि साचा सगळ्यांचा जवळपास सारखाच.

आता नागपूरच्या बाईला अमेरिकेच्या अध्यक्षाचं काय पडलंय, तर माझा भाचा न्यू जर्सीत असतो, एडिसनला, तिथला सिटिझन झालाय, आणि त्याने फॅमिली ग्रुपवर लिंक टाकून लिहिलं की मावशी तू अकाउंट्सवाली आहेस, मला एवढंच बघून सांग, गरीब-श्रीमंतातली दरी कमी करायचं ज्याला खरंच मनापासून आहे तो कसा ओळखायचा, बाकी मुद्द्यांचं माझं मी बघतो. २०२४ ची क्विझ पाठवली आणि २०२० ची जुनी पण, पुढच्या प्रायमरीच्या म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या आधी त्याला स्वतःचा निकष पक्का करायचाय म्हणे. ग्रुपवर लगेच आमचे एक काका, "आपण आपलाच राष्ट्रपती निवडत नाही, आमदार-खासदार निवडतात, आपल्या आमदाराचं एक मत १७५ चं, आन तुम्ही तिकडचं काय घेऊन बसले बाप्पा!" बरोबर आहे काका, पण पोराला मत आहे ना.

चांगलं काय ते सांगते. प्रत्येक प्रश्नाखाली थोडी माहिती दिली आहे, ती वाचली तर बरंच कळतं. नुसतं हो-नाही नाही, खाली आणखी पर्याय उघडतात. आणि हा मुद्दा तुम्हाला किती महत्त्वाचा हे दाखवायला सरकपट्टी आहे. आम्ही आर्थिक प्रश्नांची पट्टी टोकाला नेली आणि बाकी सगळ्या खाली ठेवल्या, भाच्याने तसंच सांगितलं होतं.

निकाल आला आणि तिथेच माझं डोकं सटकलं. २०२० च्या क्विझमध्ये प्रश्न होता की अतिश्रीमंतांच्या एकूण संपत्तीवर दरवर्षी कर लावावा का. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन हो, सिनेटर बर्नी सँडर्स हो, दोघांना सारखेच मार्क. अहो पण दोघांचा हो वेगळा आहे! वॉरनबाईंचा कर ५ कोटी डॉलरच्या वरच्या संपत्तीवर २ टक्के, अब्जाच्या वर आधी ३ टक्के आणि नंतर त्यांनीच तो ६ केला. सँडर्सचा जोडप्याला ३ कोटी २० लाख डॉलरच्या वर १ टक्क्यापासून सुरू होऊन १० अब्जाच्या वर ८ टक्क्यांपर्यंत जायचा. शिवाय वॉरनच्या प्लॅनमध्ये कर खात्याला जास्त पैसा आणि माणसं द्यायची तरतूद होती, आणि कर टाळायला कोणी नागरिकत्वच सोडलं तर जाताना ४० टक्के ठेवून जायचं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणजे बाईने भोकं कुठे पडणार हे बसून मोजलं होतं.

मी हे एवढं का ताणून राहिली, तर आपल्याकडे संपत्ती कर होताच की. १९५७ पासून होता, शेवटी शेवटी ३० लाखांच्या वर १ टक्का, आणि जेटलींनी २०१५ च्या बजेटमध्ये तो काढला तेव्हा सांगितलं की २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून जमा किती झाला, तर १००८ कोटी. देशातून! कोणती मालमत्ता मोजायची, कोणती सोडायची, किंमत कोण ठरवणार, सगळा खेळ त्यातच. त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना २ टक्के जादा सरचार्ज लावला, वसूल करायला तो सोपा. कर कागदावर असणं आणि तिजोरीत येणं यातलं अंतर ज्या उमेदवाराने विचारात घेतलंय आणि ज्याने नुसती घोषणा ठोकली, त्या दोघांना ही साइट एकाच रांगेत बसवते. पत्रिका जुळवण्यासारखं आहे हे, छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले पण मुलगा कमावतो का ते त्यात कुठेच नाही.

क्विझमध्ये जो प्रश्नच नाही तो म्हणजे पैसा कोणाच्या खिशातून. याबाबतीत मला आपल्या रोजगार हमीचं फार कौतुक आहे. वि. स. पागे यांची कल्पना, ७२ च्या दुष्काळात राज्यभर राबली, १९७७ ला कायदा झाला, आणि पैशासाठी १९७५ ला व्यवसाय कर आणला होता, जेवढा तो जमा होईल तेवढीच भर सरकारनेही घालायची. आजही पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये कापले जातात ना, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार, तोच. आमच्या ऑफिसात पगार मीच करते, नवीन पोट्टे दरवेळी विचारायला येतात "मॅडम हे दोनशे कायचे?" आणि मी सांगते की हा कर आला तेव्हा गावातल्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळावं म्हणून आला होता. कोणाला आवडत नाही, पण देणारा कोण आणि घेणारा कोण हे पहिल्या दिवसापासून उघड होतं. अमेरिकेतल्या उमेदवाराला पण मी हेच विचारीन, वाटणार ते सांगितलं, आता कापणार कोणाचे ते सांग.

२०२४ च्या क्विझमध्ये तर गंमतच. टिपवर इन्कम टॅक्स नको, हे आधी ट्रम्प बोलले, मग कमला हॅरिसपण बोलल्या, पुन्हा दोघांना सारखे मार्क. वेटरचा फायदा, ऐकायला किती गोड. पण ज्या वेटरची कमाई इतकी कमी की त्याला तसाही इन्कम टॅक्स बसत नाही, त्याच्या हातात काय पडलं? काहीच नाही. आणि टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची केंद्राची किमान मजुरी तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तीच. बाकीच्यांची ७.२५, २००९ पासून तीच. न्यू जर्सीसारख्या राज्यांनी स्वतःचा दर १५ च्या वर नेलाय म्हणून भाच्याला ते जाणवत नाही, पण दक्षिणेकडच्या कितीतरी राज्यांत अजून ७.२५ च चालतात.

पुढे ट्रम्प आले आणि ४ जुलै २०२५ ला मोठा कायदा सही झाला, त्यात टिपची सूट खरंच आली, २५ हजार डॉलरपर्यंत आणि २०२८ पर्यंतच. म्हणजे दिलेला शब्द पाळला असं साइट म्हणेल. पण त्याच कायद्यात मेडिकेडला म्हणजे गरिबांच्या सरकारी दवाखर्चाला आणि अन्नाच्या मदतीला कात्री लागली, आणि तिकडच्या संसदेच्याच बजेट ऑफिसने हिशोब मांडला की सगळ्यात खालच्या दहा टक्के कुटुंबांचं वर्षाला सरासरी १२०० डॉलरने नुकसान आणि वरच्या दहा टक्क्यांचा १३६०० डॉलरने फायदा. एका प्रश्नावर पास, अख्ख्या हिशोबात दरी वाढली. हे कोणत्या सरकपट्टीवर दाखवणार?

डेमोक्रॅट्सना पण सोडत नाही मी. मार्च २०२१ मध्ये सँडर्सनी कोरोना मदतीच्या बिलावर १५ डॉलर किमान मजुरीची दुरुस्ती सिनेटमध्ये म्हणजे तिकडच्या वरच्या सभागृहात मांडली, ४२ विरुद्ध ५८ ने पडली, विरोधात जाणाऱ्यांत त्यांच्याच गटातले आठ जण. त्याआधी सिनेटच्या नियम सांगणाऱ्या अधिकारी बाईंनी हे या बिलात बसत नाही असा निर्णय दिला होता, आणि अध्यक्षस्थानी बसणाऱ्या उपाध्यक्षाला तो बाजूला सारता येतो, म्हणजे हॅरिसना, पण व्हाइट हाउसने आधीच सांगून टाकलं की आम्ही निर्णय मानू. मते तर तरीही कमीच पडली असती म्हणा. पण निवडणुकीत १५ डॉलर म्हणणारे इतके आणि मतदानाच्या दिवशी किती, हा फरक क्विझमध्ये शून्य दिसतो.

अध्यक्षाला एकट्याने करता येतं ते पण आहे काही. बायडननी एप्रिल २०२१ ला आदेश काढला की सरकारी कंत्राटावरच्या कामगाराला तासाला किमान १५ डॉलर, २०२२ पासून लागू झाला, आणि मार्च २०२५ ला ट्रम्पनी तो रद्द केला. एक सही आली, एक सही गेली. कर मात्र अध्यक्षाच्या सहीने लागत नाही, त्याला काँग्रेस म्हणजे तिकडची संसद लागते.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती मुलांच्या पैशांची. २०२१ मध्ये बायडन सरकारने मुलांमागे मिळणारी करसवलत वाढवली, सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वर्षाला ३६०० डॉलर आणि मोठ्याला ३०००, आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात, आपल्या लाडकी बहीणसारखंच समजा. मुलांमधली गरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. मग मुदत संपली, ५०-५० च्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचेच सिनेटर जो मँचिन अडून बसले, आणि २०२२ ला तीच गरिबी १२.४ टक्के. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणे, "चालू केलेलं बंद करतात का कधी?" त्यांचे पंधराशे येतात आणि एकवीसशे कधी होणार हे त्या मलाच विचारत असतात, जसं काही माझ्या हातात आहे.

बाबांचं वेगळंच. त्यांची उमेदीची वर्षं गेली एम्प्रेस मिलमध्ये, जिथे आता मॉल उभा आहे, ते त्या मॉलला अजूनही मिलच म्हणतात. ते पूर्ण क्विझभर एकच विचारून राहिले, "युनियनचं आलं का?" आलं, पण आर्थिक विभागात नाही, कुठेतरी मागे दुसऱ्याच विभागात, जिथली पट्टी आम्ही आधीच खाली ओढून ठेवली होती. घरभाडं वेगळीकडे, दवाखाना वेगळीकडे, कॉलेजचं कर्ज आणखी कुठे. म्हणजे दरीचा मुद्दा महत्त्वाचा म्हणून तुम्ही फक्त इकॉनॉमी वाढवली की नुसते कराचे प्रश्न मोजले जातात आणि कामगाराला मालकासमोर उभं राहायची ताकद कोण देतो ते राहूनच जातं. तिकडे आता दहातला एकच कामगार युनियनमध्ये आहे. बायडन सप्टेंबर २०२३ ला मिशिगनमध्ये संपावरच्या मोटार कामगारांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, पदावर असताना असं करणारे पहिले अध्यक्ष, हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "उभा राहिला, मग मजुरी वाढली का?" वाढली बाबा, करारात चांगली वाढली, पण ती कामगारांनी संप ताणला म्हणून. बाबा खूश.

दीक्षाभूमीच्या मागे राहणारी माझी मैत्रीण हे सगळं ऐकून म्हणाली की बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ लाच संविधान सभेत सांगून ठेवलंय, राजकारणात एक माणूस एक मत आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार दिवस चालू दिली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. तिचं म्हणणं उमेदवाराला हे दोन्ही जोडलेले दिसतात का ते बघ. क्विझमध्ये वंशभेद एका विभागात आणि पैसा दुसऱ्या विभागात, मध्ये काहीच नाही, अन् तिकडे काळ्या आणि गोऱ्या कुटुंबांच्या संपत्तीत केवढा फरक आहे ते जगजाहीर आहे. ती बरोबर बोलली, मला हे सुचलंच नव्हतं.

भाच्याला मी जे लिहून पाठवलं ते असं की तुझं राज्य १९९२ पासून डेमोक्रॅटलाच जातं, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये तुझ्या एका मताने इकडचं तिकडे होत नाही, तुझी खरी निवड प्रायमरीत, आणि तीही तुमच्याकडे इतकी उशिरा की २०२० ला मतदान (एरवी जूनमध्ये, तेव्हा कोरोनामुळे) जुलैमध्ये झालं तोवर वॉरन मार्चमध्ये आणि सँडर्स एप्रिलमध्ये बाहेर पडले होते. म्हणून जानेवारीतच ठरव, आणि दरीवाल्या उमेदवाराला आवडीच्या घोषणेवर मोजू नको, ज्या दिवशी त्याच्याच पक्षातले श्रीमंत देणगीदार आणि सिनेटर चिडणार होते त्या दिवशी त्याने मत कुठे टाकलं ते बघ, संसदेच्या साइटवर नावानिशी नोंदवलेली मतं उघडी असतात.

तर साइट वापरायची का? वापरा, पण मुद्द्यांची यादी म्हणून. टक्क्यांचं पान पाहू नका, त्याच्या खाली प्रत्येक उत्तराजवळ उमेदवाराचं मूळ विधान असतं, ते उघडून वाचा, तिथे खरा माल आहे. युनियन, घर, दवाखाना, शिक्षण या सगळ्यांच्या पट्ट्या पण वर न्या. एक स्टार टक्केवारीसाठी कापला. दुसरा कापला तो निकालाआधी इमेल मागतात म्हणून, "नको" चं बटण खाली इतकं बारीक आहे की माझ्या चष्म्याला दिसलंच नाही, आणि आता रोज सकाळी अमेरिकेतल्या कोणत्यातरी राज्यातल्या पोटनिवडणुकीसाठी देणगी मागणारा मेल येऊन राहिला.