सीटवरचा दुधाचा डाग आणि एन्झाइमवाला फोम क्लीनर

लेकीची दुधाची बाटली मागच्या सीटवर सांडली आणि बंद गाडीत दोन दिवस वास मुरला. आधी मी गरम पाण्याने पुसलं, तिथेच चुकलं; उष्णतेने दुधातली प्रथिनं कापडाला आणखी घट्ट धरतात. मग हा फोम आणला; यातली एन्झाइम म्हणजे दुधातली प्रथिनं तोडणारे घटक. सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग जातो का ते पाहिलं, फोम मारून 15 मिनिटं थांबले, मऊ ब्रशने कडेकडून मध्याकडे घासलं आणि पांढऱ्या सुती फडक्याने टिपलं. फडकं पिवळट होत गेलं, तसा जीव हलका झाला! दुसऱ्या वेळी डाग गेला. शिवणीतला वास मात्र हट्टी, तिथे तिसऱ्यांदा मारावा लागला. छताच्या कापडावर भिजेल इतका मारू नका, आतला गोंद सुटून कापड लोंबतं.